शिवणीची बाजू

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या पळायच्या बुटात खोचून ठेवते आहे, आणि बूट बरोबर दाराच्या चौकटीत. घरात शाळेचा विषय काढायचा नाही आणि शाळेत घराचा, असा आपला करार आहे. चौकट ना धड घरात ना धड शाळेत, तेव्हा मी करार मोडला असं तुला म्हणता यायचं नाही. तू वाद घालायला लागलीस की हल्ली मलाच घाम फुटतो, म्हणून पळवाट आधीच शोधून ठेवली. अक्षराला हसू नकोस. जन्मभर फळ्यावर गणितं लिहिली, त्यामुळे माझ्या अक्षराला कागद नेहमी तोकडाच पडतो. आणि मधेच चहा प्यायला उठू नकोस. शेवटी काय लिहायचं ते मला ठाऊक आहे, पण तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागणार आहे.

करार तुझाच होता, बरं का. शाळेच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या रांगेत, मी समोर उभी राहून हजेरीबद्दल काहीतरी गंभीर सांगत होते आणि तू मला बघून जीव खाऊन हाक मारलीस, "आई!" सगळी शाळा खो खो हसली. संध्याकाळी याच दारात बूट काढता काढता तू मला बजावलंस की उद्यापासून शाळेत तू माझी कोणी नाहीस. सहा वर्षांची चिमुरडी, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोरा असा की जणू मला नोकरीवरूनच काढते आहेस. मी हो म्हटलं. वाटलं, चार दिवसांची हौस आहे, उतरेल. पण तू कुणाची मुलगी! दुसरीत असताना मैदानावर आपटलीस, गुडघा फुटला, ओठ थरथरत होते, आणि माझ्यासमोर सरळ उभी राहून म्हणालीस, "बाई, मला लागलंय." मी इतर मुलांना पाठवते तसंच तुला शिपाईमावशींबरोबर औषध लावायला पाठवलं, खोलीचं दार लोटलं आणि खुर्चीत नुसती बसून राहिले. तो गुडघा मी रात्री, तू झोपल्यावर, पांघरूण बाजूला करून बघितला. हे तुला ठाऊक नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या अलीकडचं सगळं तुला ठाऊक आहे, पण पलीकडचं, म्हणजे माझ्या बाजूचं, तुला कुणी सांगितलेलं नाही. ते आज सांगायचं आहे.

मागच्या बुधवारपासून सुरुवात करते. खरं तर त्याच्याही आधीपासून करायला हवी, झिपरीपासून. तुझी ही मैत्रीण केसांना कधी फणी लावत नाही, पण डोकं मात्र जाग्यावर असतं, म्हणून मला ती आवडते. हे तिला सांगू नकोस. तर नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली, गावभर पोस्टरं लागली, आणि झिपरी एके दिवशी गणवेशाच्या वर एक पांढरा शर्ट चढवून आली. छातीवर जाड पेनानं लिहिलेलं, "यंदा नर्सबाईच!" नर्सबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आता निवडणुकीला उभ्या राहिलेल्या. अक्षर बरं होतं, उद्गारचिन्ह जरा जास्तच मोठं. आता आपल्या शाळेचा नियम काय? कुठल्याही उमेदवाराचं नाव, चिन्ह, फीत, बिल्ला अंगावर घेऊन फाटकाच्या आत यायचं नाही. हा नियम मी केला. दोन वर्षांपूर्वी मोठ्या वर्गातली मुलं फितींच्या रंगांवरून एकमेकांच्या उरावर बसली होती आणि एकाचा चष्मा फुटून काच डोळ्याच्या अगदी कडेला गेली होती, तेव्हा केला. अजूनही मला तो योग्यच वाटतो. मी झिपरीला घरी पाठवलं. ती गेली मुकाट्यानं, पण जाता जाता माझ्या खोलीच्या खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघून अशी काही हसली की मला ते हसू दिवसभर सलत राहिलं. ती कशाला हसली ते मला कळलं नाही. तुला मात्र कळलं होतं.

मग आला बुधवार, तुमच्या वर्गाच्या खेळाच्या तासाचा दिवस. खेळाचे सर तुला घेऊन माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते बिचारे साधे गृहस्थ. शिट्टी वाजवावी, घड्याळ बघावं, पोरं पळाली की खूश व्हावं. मला म्हणाले, "बाई, हिनं राजकीय कपडे घातलेत." मी तुझ्याकडे बघितलं. खेळाचा शर्ट, शाळेचाच, स्वच्छ धुतलेला, नीट खोचलेला. फक्त उलटा. शिवणी सगळ्या बाहेर, आणि मानेमागून ती धुलाईची पट्टी वर आलेली. मी मान तिरकी करून वाचली. तुझ्या अंगावर वाचण्यासारखं तेवढंच होतं: कोमट पाण्यात धुवा, पिळू नका. मी सरांना विचारलं, यातलं राजकीय काय? सर म्हणाले, "तिलाच विचारा."

मी तुला विचारलं. आणि तू हात मागे बांधून, गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभी राहतेस तशी उभी राहून सांगितलंस, "बाई, खेळाच्या तासाला हाच शर्ट घालायचा, हा एक नियम. उमेदवाराचं चिन्ह अंगावर घेऊन आत यायचं नाही, हा दुसरा. दोन्ही तुमचेच आहेत. या शर्टावर लाल घोडा आहे. मला दोन्ही नियम एकदम पाळायचे होते, म्हणून असा घातला." एवढंच. आवाज चढला नाही, डोळे खाली गेले नाहीत. मला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं. लाल घोडा! बुटांच्या कारखान्याचा. कारखान्याच्या मालकांनी सहा वर्षांपूर्वी शाळेला पळायचा ट्रॅक बांधून दिला, खेळाचे शर्ट दिले, आणि छातीवर आपला घोडा छापला. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. गाव त्यांना प्रेमानं घोडेवालेच म्हणतं. यंदा ते नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि चिन्ह म्हणून तोच घोडा घेतला. बाहेर रस्त्यावर जो घोडा मतं मागत होता, तोच आत तुमच्या सगळ्यांच्या छातीवर दौडत होता, आणि मी, नियम करणारी बाई, झिपरीच्या उद्गारचिन्हावर डोळे वटारून बसले होते. उलट्या शर्टातून तो कापडाच्या आतून पुसट दिसत होता, दुसऱ्याच दिशेला तोंड करून.

भिंगरी, त्या क्षणी मला काय झालं सांगू? मला हसू आलं. इतकं की आवरेना. मी पेन मुद्दाम खाली पाडलं आणि टेबलाखाली वाकले, ते उचलायला नव्हे. तू म्हणत असशील, बाई एवढा वेळ पेन शोधत होत्या. वर येईपर्यंत चेहरा जागेवर आणला. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की सिद्धता अशी मांडावी की समोरच्याला बोट ठेवायला जागा राहू नये, आणि माझ्याच पोटची पोर माझ्यासमोर माझीच दोन विधानं मांडून मोकळी झाली होती. अभिमान वाटला म्हणणं फार कमी आहे. छाती भरून आली आणि ती भरलेली छाती घेऊनच मी तुला शिक्षा केली.

शिक्षा करायला हवीच होती, हे तुला पटलंय हे मला ठाऊक आहे. सरांनी शर्ट सरळ कर म्हणून सांगितलं आणि तू नाही म्हणालीस. झिपरीला घरी पाठवलं आणि मुख्याध्यापकांच्या मुलीला सोडलं, असं झालं असतं तर मी उद्या कुठल्या तोंडानं रांगेसमोर उभी राहिले असते? मी म्हटलं, आज घरी जा, पालकांना कळवलं जाईल. आणि आपले हेडक्लार्क, नियमानं चालणारा माणूस, बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी नोंदीतला पालकांचा पहिला नंबर फिरवला. माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तू समोर उभी, सर समोर उभे, दार सताड उघडं, हेडक्लार्क मला दिसतायत आणि मी त्यांना. मी उचलला. ते म्हणाले, "आपल्या पाल्याला घरी पाठवण्यात येत आहे, कृपया कुणीतरी न्यायला या." मी म्हटलं, "कळलं. पण मी कामावर आहे, मला निघता येणार नाही." ते म्हणाले, "मग दुसऱ्या नंबरवर करतो." आणि केला. तुझ्या ओठाचा डावा कोपरा तेवढा हलला. बाकी शाबास, गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखी उभी होतीस.

बाबा आले ते सायकलच्या दुकानातून तसेच, हात कोपरापर्यंत वंगणानं काळे. हेडक्लार्कांनी सहीला पेन पुढे केलं तर पेन काळं, कागद काळा. तुझा शर्ट त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितला आणि काय म्हणाले, ऐकलंस ना? "आतून शिवण बरी आहे गं याची. शिंप्यानं लबाडी नाही केली." मला त्या माणसाशी लग्न केल्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही, पण त्या दिवशी पुन्हा एकदा करावंसं वाटलं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी मैदानावर एक चक्कर मारली. मुद्दाम, डोळे उघडे ठेवून. पाण्याच्या टाकीवर घोडा, गुणफलकावर घोडा, ट्रॅकच्या सुरुवातीच्या रेघेपाशी घोडा, चेंडूंच्या पेटीवर घोडा. झिपरी खिडकीतून बघून हसली होती ती याला. मग फाटकापाशी गेले. फाटकाच्या बाहेर, समोरच्या भिंतीवर, घोडेवाल्यांचं भलंमोठं पोस्टर, तोच घोडा, त्याच लाल रंगात. एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर टाकून मी तिथे उभी राहिले. फाटक नुसतं लोखंडाचं उरलं होतं. रोज त्याच वाटेनं येते, रोज तेच बघते, आणि डोळ्यांना इतकी सवय झालेली की दिसायचंच बंद झालं होतं. चहावाल्यानं विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय का? मी म्हटलं, नाही, जरा उशीर झाला एवढंच.

पुढचं तू बघितलंसच. गुरुवारी दुसऱ्या एका वर्गातली चारदोन मुलं उलट्या शर्टात आली, शुक्रवारी अर्धं मैदान. सरांनी शिट्टी तोंडात धरली पण वाजवली नाही. एका मुलानं उत्साहाच्या भरात चड्डीसुद्धा उलटी घातली होती, त्याला मात्र मी आत पाठवलं. त्याच दुपारी मी सूचना काढली: निवडणूक होईपर्यंत खेळाच्या तासाला घोड्याचा शर्ट घालायचा नाही, साधा पांढरा चालेल, आणि मैदानावरचे घोडे कापडानं झाका. झिपरीला बोलावून सांगितलं की तुझा शर्ट नियमाविरुद्धच होता, पण नियम मी अर्धाच लावला होता, आता पुरा लावतेय. तिनं विचारलं, मग आता तो घालू का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, विचारून बघितलं. तशी सूचना दोन ओळींचीच होती, पण लिहिताना मला फळा पुसून पहिल्यापासून गणित मांडल्यासारखं हलकं वाटलं. त्या ओळी तुझ्या होत्या, मी फक्त सही केली.

शनिवारी घोडेवाले स्वतः आले. सोबत कुणी नाही, आवाज नाही, पालकांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही, माणूस खरंच चांगला आहे. म्हणाले, "बाई, तो घोडा माझ्या वडलांनी चित्रकाराकडून काढून घेतलेला. मी मतं मागायला शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. घोडा तर आधीपासूनच आहे की इथं." मी म्हटलं, "घोडा आधीपासून आहे, पण उमेदवार तुम्ही आत्ता झालात." त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "त्या पोरीच्या पायातले बूट दर वर्षी मी देतो, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. तूही दर वर्षी कारखान्यात जाऊन त्यांच्या पाया पडून येतेस, तेही ठाऊक आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की आभार मानायला तोंड आहे, छाती कशाला लागते? ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. जाताना ट्रॅककडे बघून म्हणाले, छान ठेवलाय. आणि खरंच, छान ठेवलाय, कारण तू तो रोज पहाटे तुडवतेस.

त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार केली ती आपल्या शाळा समितीनं, ज्यांची कुणी कळ काढली नव्हती. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, ज्यांच्या खुर्चीत तू लहानपणी त्यांचं बोट चावली होतीस. त्यांचा जीव अडकलाय मैदानाच्या शेडमध्ये. घोडेवाल्यांनी यंदा प्रेक्षकांसाठी शेड बांधून देतो म्हटलंय, आणि आता ते नाराज झाले तर प्रेक्षक पुढचीही वर्षं उन्हात बसणार. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि आधी गोड, मग कमी गोड असं बोलले. मुलीनं शिक्षकांचं ऐकलं नाही, दात्याचा अपमान केला, शाळेत राजकारण आणलं. तिनं समितीपुढे लेखी माफी मागावी, नाहीतर रविवारच्या निवड-शर्यतीसाठी शाळेच्या संघातून तिचं नाव कमी होईल. मी विचारलं, राजकारण तिनं आणलं की तिनं फक्त दाखवलं? ते म्हणाले, "तुम्ही तिची बाजू घेणारच." पण टेबलाच्या त्या बाजूला बसून मला तुझी बाजू घेता येत नव्हती.

रविवारच्या शर्यतीचं मी तुला काय सांगणार! जी मुलगी पाचवीपासून अंधारात उठते, बाबांच्या सायकलच्या दिव्यामागे धावते, सर्दी झाली तरी धावते, परीक्षा असली तरी धावते, तिला ही शर्यत म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. तिथून खेळाडूंच्या निवासी विद्यालयात मुलं घेतात आणि तुझ्या वयाला ही शेवटची संधी. गेल्या वर्षी तू घोट्यामुळे हुकलीस. तेव्हा घरी येऊन तू रडली नाहीस, फक्त बूट काढून कपाटाच्या अगदी वर, हात पोचणार नाही तिथे ठेवलेस. पुढच्या आठवड्यात स्टूल घेऊन परत काढलेस. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि हातातली भाजी करपवली होती. तुला तेव्हा खोटंच सांगितलं की गॅस मोठा राहिला.

आणि एक गोष्ट मला बाबांकडून कळली, ती तू मला सांगणं शक्य नव्हतं. तू शाळेतलं सगळं बाबांच्या दुकानात जाऊन सांगतेस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. दुकान करारात येत नाही, तेवढी फट मीही मुद्दाम ठेवली आहे. बाबांनी तुला विचारलं म्हणे, तुला एवढ्या नर्सबाई आवडतात का? आणि तू पंक्चरचे बुडबुडे पाण्यात शोधता शोधता म्हणालीस, "मला मत असतं तर मी बहुतेक घोडेवाल्यांनाच दिलं असतं. पण माझं मत कुणाला ते माझ्या छातीवर दुसऱ्या कुणी का छापावं?" बाबांनी रात्री मला हे सांगितलं आणि मी ताट बाजूला सारून उठले. मी तीस वर्षं शिकवते आहे. हुशार मुलं पुष्कळ बघितली, हट्टी तर पोत्यानं. पण ज्याच्या बाजूनं आपण आहोत त्याच्यासाठीसुद्धा नियम वाकवू द्यायचा नाही, हे समजणारी मोठी माणसं मला फार भेटली नाहीत. तुला हे मी शिकवलं असं म्हणायला मला फार आवडेल. पण खरं सांगते, मला ते तुझ्याकडून समजलं. त्या उलट्या शर्टातल्या पोरीची मी आई आहे, आणि गावात जाताना हल्ली माझी मान जरा जास्तच ताठ असते. शेजारच्या काकू म्हणाल्या, मान अवघडली का? मी हो म्हटलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. उद्या समितीची बैठक आहे. डॉक्टरांनी काल मला दारापर्यंत सोडताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "माफीचा मजकूर आम्ही करतो, तुम्ही फक्त तिला घरी तयार करा. शेवटी तुम्ही आई आहात." ते काम मी करणार नाही, म्हणून हे पत्र. तुला माफी मागावीशी वाटली तर खुशाल माग. पाय तुझे, शर्यत तुझी, वर्षानुवर्षांच्या पहाटा तुझ्या, आणि सही केलीस म्हणून तू माझ्या डोळ्यांत तसूभरही कमी होणार नाहीस. ते अगदी तुझ्यावर आहे, मला विचारूही नकोस. नाही मागायची असं ठरवलंस, तर मात्र त्या खोलीत एकटी बोलायची वेळ तुझ्यावर येणार नाही. आज दुपारी मी समितीला कळवलं की या प्रकरणात माझ्या जागी उपमुख्याध्यापक बसतील. डॉक्टर म्हणाले, एकदा उठलात की त्या खुर्चीत पुन्हा बसायला मिळेलच असं नाही. मी म्हटलं, चालेल, गणित मला उभ्यानंही शिकवता येतं. मुख्याध्यापकाला आपल्या मुलीसाठी बोलता येत नाही, पण पालकाला येतं, आणि मी उद्या पालक म्हणून येणार आहे. बाबा दुकान बंद ठेवून येतील, हात धुऊन येतो म्हणालेत, बघू. तिथे पद्धत अशी आहे की पालकानं उभं राहून आधी विद्यार्थ्याशी आपलं नातं सांगायचं. आजवर कितीतरी आयाबापांना मी ते सांगताना ऐकलंय, कुणी पुटपुटतं, कुणी जमिनीकडे बघून सांगतं. शाळेच्या त्या इमारतीत ते एक वाक्य म्हणायची मला दहा वर्षं सोय नव्हती. उद्या आहे. ते मी मान वर करून, पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार आहे.

तुझीच,
आई